उजवीकडे सासू

माझ्या नवऱ्याच्या पोटात माझी सासू बसली आहे. उजव्या बाजूला, बेंबीच्या जरा खाली. वरून हात लावला तर तेवढीच जागा टणक लागते म्हणे. वर्षभरात मी एकदाही तिथं हात लावलेला नाही.

असं बोलू नये, मला कळतं. तिच्या किडनीमुळे माझं कुंकू टिकलं, हे मखमलाबादेत मला रोज कुणी ना कुणी ऐकवतंच. गिरणीवाला ऐकवतो, शेजारची भागीबाई ऐकवते. "नशीबवान हायेस बाई, अशी सासू भेटली." मी हसते. हसून हसून गाल दुखतात, आणि पोटात तर दुखतंच. दुखू दे. ज्याचं त्याचं पोट.

माझ्या नवऱ्याचं नाव कुंदन. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, पण मनात तो कुंदनच असतो, आणि इथं मी मनातलंच सांगतेय. आमची दोन एकर फुलशेती. शेवंती आणि अ‍ॅस्टर. फुलं तोडायची म्हणजे दिवसभर कंबरेतून वाकायचं. कुंदनची कंबर पंचविशीतच गेली. मग मेडिकलमध्ये जाऊन तो नुसतं 'दुखायची गोळी द्या' म्हणायचा, आणि दुकानदार काही न विचारता पाकीट काढून द्यायचा. दसरा-दिवाळीच्या घाईत तर दिवसाला तीन-तीन गोळ्या. चौदा वर्षं हेच चाललं. त्यात बी.पी. होतं, ते कधी मोजलंच नव्हतं. मग चेहरा सुजला, आम्हाला वाटलं तब्येत सुधारतेय. पाय सुजले, आम्हाला वाटलं उभं राहून सुजले. एके दिवशी शेवंतीच्या वाफ्यात त्याला श्वासच घेता येईना.

मुंबई नाक्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गोळ्या कोणत्या खाता?" कुंदननं खिशातून पाकीट काढून दाखवलं. डॉक्टरांनी ते परत दिलंच नाही. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. वय एकोणचाळीस.

पुढचे आठ महिने डायलिसिस. मंगळवार आणि शुक्रवार. गाडीवर मागे बसवून मी त्याला न्यायची, चार-चार तास बाहेर बाकावर बसायची, परत आणायची. त्याला दिवसाला लिटरभरच पाणी पिता यायचं. ते मी मापानं द्यायची. उन्हाळ्यात तो माझ्या हातातल्या पेल्याकडे बघत राहायचा. "अजून एक घोट दे ना, तृप्ती." मी द्यायची नाही, मग तो रागवायचा, मग झोपताना माझा हात धरून ठेवायचा. ते दिवस वाईट होते. पण ते माझे होते. आज खरं सांगायचं तर मला त्यांची आठवण येते.

मग डॉक्टर म्हणाले, किडनी बदलू. घरातलं कोण देणार? मी आणि माझी सासू रंगूबाई, दोघींनी तपासण्या करून घेतल्या. मी वणीला सप्तशृंगीच्या गडावर गेले. ट्रॉलीत न बसता सगळ्या पायऱ्या चढले आणि देवीला म्हटलं, बाई, माझी जुळू दे. लग्नाच्या वेळी आमची पत्रिका काही धड जुळत नव्हती. छत्तीसातले साडेसतरा गुण. तेव्हा रंगूबाईंनीच नाक मुरडलं होतं. किडनी मात्र जुळली. रिपोर्ट हातात आला तेव्हा मला वाटलं, आता दाखवते.

पण तिचीही जुळली. साठी ओलांडलेली बाई, साखर नाही, बी.पी. नाही, एकही आजार नाही. मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, दोघींपैकी कुणाचीही चालेल, घरी बोलून ठरवा.

घरी काही बोलणं झालंच नाही. मी म्हटलं, "माझी देते. माझी तरुण आहे, जास्त वर्षं टिकेल." सासूनं भाकरी थापता थापता मान वर केली आणि म्हणाली, "माझी घ्या. तुझी राहू दे."

तुझी राहू दे! जशी मी वाटीभर भाजी घेऊन आले होते आणि तिनं ती दारातूनच परत पाठवली. मी कुंदनकडे बघितलं. वाटलं, निदान तो तरी म्हणेल, आईचं वय झालंय, आईला कशाला. पण तो आईकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते, आणि मी त्या खोलीत आहे हे त्याला आठवतही नव्हतं.

देवीनं माझं गाऱ्हाणं ऐकलं, पण अर्धंच. माझी जुळवली आणि वापरू दिली नाही. शेवटी देवीसुद्धा पडली आई. आईनं आईचीच बाजू घेतली.

ऑपरेशन चांगलं झालं. कुंदनला पहिल्या दिवसापासून लघवी व्हायला लागली, तर सगळा दवाखाना पेढे वाटल्यासारखा खूश. मला आनंद झाला नाही असं नाही. मी त्या बाकावर बसून ओक्साबोक्शी रडले. पण शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "आई कशी आहे?" आणि आई दुसऱ्या खोलीत शुद्धीवर आली, तिनं विचारलं, "कुंदन कसाय?" मी दोन खोल्यांच्या मध्ये उभी राहून दोघांचे निरोप पोचवत होते.

तेव्हापासून मी निरोपीच आहे. किडनी टिकवायच्या गोळ्या सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला घ्याव्या लागतात, मिनिटाचीही चूक चालत नाही. ते माझं काम होतं. पण आठ वाजता कुंदन आईच्या पाया पडतो आणि तिच्याच हातून गोळी घेतो. आता तो भरपूर पाणी पितो, त्याला माझ्या मापाची गरज नाही. दर चैत्रात अनवाणी वणीला जाणारा माणूस तो, पण आता गर्दीत जायचं नाही, बाहेरचा प्रसाद खायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तर म्हणतो, "पंधरा वर्षं चालत गेलो, मी मरायला टेकलो तेव्हा कुठं होती देवी? माझी आई होती. माझा देव घरात हाय." हे तो आलेल्या-गेलेल्या सगळ्यांना सांगतो. मी आठ महिने बाकावर बसले होते, ते देवपण नाही. ती ड्युटी.

मातीत हात घालायलाही त्याला बंदी. इन्फेक्शन होतं. सुरुवातीला तो फार खचला, मळ्याच्या बांधावर उभा राहून नुसता बघायचा. म्हणायचा, "मातीत जायचं नाही तर मग मी जगलो कशासाठी?" मग त्यानंच उत्तर शोधलं. आता तो तोंडाला मास्क लावून गावोगाव जातो आणि मजुरांना सांगतो, दुखायच्या गोळ्या विचारल्याशिवाय खाऊ नका. विंचूरला कांद्याच्या मार्केटात हमालांशी बोलून आला, हरसूलला जाऊन आला. चांगलं काम आहे, मी नाही म्हणत नाही. पण बरोबर कोण जातं? आई. "ही माझी आई. हिनं मला दुसऱ्यांदा जन्म दिला." लोक रंगूबाईंच्या पाया पडतात. आमची दहा वर्षांची निकिता, तिनं शाळेत 'माझी आवडती व्यक्ती' निबंध लिहिला. कोण ते सांगायला नकोच.

आणि मळा? दोन एकर शेवंती आपली आपण तुटून क्रेटमध्ये जाऊन बसत नाही. पहाटे चारला उठून बायकांबरोबर मी वाकते, सातच्या आत माल फूलबाजारात पोचवते, परत येऊन फवारणी बघते. त्या कामाला कुणी हार घालत नाही. हार करायला फुलं मात्र माझीच जातात.

असं वर्ष गेलं. गेल्या आठवड्यात जेवताना कुंदननं जाहीर केलं, "शुक्रवारी ऑपरेशनला वर्ष होतंय. आईची ओटी भरायची. तृप्ती, तू भर. तुझ्याच हातानं."

वर्षभर मूग गिळून बसले होते, आता तिच्या पदरात नारळ घालून वर नमस्कारही करायचा. मी बारावी शिकलेली आहे. विधवा बायकांना हळदी-कुंकवाला बोलवायला हवं, हे आमच्या बचत गटात मीच उठून बोलले होते. आणि त्या रात्री माझ्याच तोंडून शब्द गेले, "विधवेची ओटी भरत नाहीत."

निकितानं आजीकडे बघितलं. सासरे जाऊन एकोणीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत हा शब्द या घरात तिच्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. कुंदनचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात सासूच म्हणाली, "खरंय तिचं. मला कशाला पाहिजे ओटी? जेव तू." ती उठून ताट घेऊन आत गेली. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. वाटलं नाही. पण मी शब्दही मागे घेतला नाही. कुंदन ताटावरून उठताना एवढंच म्हणाला, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. गुरुवारी सकाळी माल पाठवून मी पत्र्याच्या शेडमध्ये आले तर कंबर इतकी धरलेली की सरळ उभं राहता येईना. तराजूच्या मागे मी पाकीट ठेवलं होतं. हो, तीच गोळी. कुंदन खायचा तीच. महिनाभर खात होते, कधी एक, कधी दोन. तो गावोगाव सांगत फिरत होता आणि त्याच्याच शेडमध्ये मी खात होते. घरातलं कुणी विचारत नव्हतं, तर मी तरी कुणाला सांगू? गोळी तोंडात टाकली आणि पाण्याची बाटली शोधायला वळले, तर दारात सासू.

"काय टाकलं तोंडात?"

"काही नाही."

तिनं तराजूमागचं पाकीट बघितलं. ती इतक्या झटकन पुढं आली, जसं काही तिचं ऑपरेशन झालंच नव्हतं. माझ्या तोंडाखाली तळहात धरला, माती खाणाऱ्या पोराच्या तोंडाखाली धरतात तसा. "थुंक."

मी थुंकले. इतकी दचकले होते की थुंकले. आणि मग मला असा राग आला की वर्षभराचं सगळं बाहेर पडलं. "तुमचा मुलगा मळ्यात उतरत नाही, आई. मी उतरते. चार वाजल्यापासून वाकलेय मी. तुमच्या पाया पडायला जग येतं, माझी कंबर मोडली तरी कुणाला पत्ता नाही. माझी कंबर, माझी गोळी. मला काही झालं तर तुमचं काय जातंय?"

"कंबर तुझी," ती म्हणाली. "किडनी तुझी एकटीची नाय."

"म्हणजे?"

"कुंदनची हाय ती. पुढची."

मला काहीच समजलं नाही. ती पालथ्या क्रेटवर बसली, एक हात कुशीवर ठेवला आणि दाराकडे बघून घेतलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून.

"तपासणीच्या वक्ताला त्या डॉक्टरीणबाईनं मला एकटीला आत घेतलं होतं. दबावाखाली देत नाय ना, ते विचाराया. मी म्हणलं, बाई, ती किडनी किती वर्सं चालती? ती म्हणली, मावशी, तुमचं वय झालंय. तुमची धा वर्सं चालंल, लय झालं तर बारा. मंग परत दुसरी लागंल. मी म्हणलं, मंग आधी माझी घ्या. धा वर्सांनी मी असंल का नसंल, आन असले तरी माझी कोण घेईल? सुनेची तरणी हाय, ती धा वर्सांनी बी चालंल. तोवर तिची राहू द्या."

मी क्रेटला टेकून उभी राहिले. "तुम्ही मला हे सांगितलं का नाही?"

"सांगितलं की! समद्यांच्या म्होरं सांगितलं. तुझी राहू दे, म्हणलं."

"मला वाटलं, नको म्हणताय."

"नको कशाला म्हणू?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "राहू दे म्हणजे ठिवून दे. जपून ठिव. आन याहून उघडं कसं बोलू? कुंदनला सांगू का, का बाबा ही बी धा वर्सांत जाणार? आत्ताशी कुठं पोरगा हसाया लागलाय. तो असाच राहू दे, म्हणून गप बसले."

मी विरघळून तिच्या गळ्यात पडले असं तुम्हाला वाटेल. नाही पडले. मला आधी रागच आला. माझ्या पोटातली वस्तू हिनं मला न विचारता कुणाच्या तरी नावानं काढून ठेवली होती, लोणच्याच्या बरणीसारखी. "मला कुणी विचारलं?" मी म्हटलं. "माझं शरीर आहे ते."

"नाय विचारलं," ती म्हणाली. "चुकलंच माझं. तुला नाय द्यायची तर नको देऊ, मी वरून बघाया येणार नाय. पण गोळ्या नको खाऊ गं. एकाच्या किडन्या गेल्या तेवढं बास झालं. आन कंबर दुखती तर सांगायचं ना. मला वाकता येत नाय, पण माल भराया तर बसता येतं."

ती पाकीट कनवटीला लावून निघून गेली. मी शेडमध्ये एकटीच उरले आणि मग माझ्या मनात जे आलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला आनंद झाला. दहा वर्षांनी कुंदनची किडनी जाणार, हे कळून त्याच्या बायकोला आनंद झाला. कारण तेव्हा तो माझ्याकडे बघेल. तेव्हा मी असेन. घटकाभर मी त्या आनंदात राहिले आणि मग मला इतकी भीती वाटली की मी तिथंच हात जोडले. देवीला काय म्हणू कळेना. एकदा मागून बघितलं होतं. या वेळी काही मागितलं नाही, फक्त म्हटलं, मला माणसात ठेव.

शुक्रवारी सकाळी मी कुंदनला म्हटलं, "पाट मांडा. ओटी भरायचीय." तो माझ्याकडे बघतच राहिला. मी बाकी काही सांगितलं नाही, आणि आता तेही एक गुपित आम्हा दोघींचंच आहे.

सासू पाटावर बसायला तयार नव्हती. तिला धरून बसवलं. हळद लावली. कुंकवाला ती मागे सरली, मी बळजबरी केली नाही. एकोणीस वर्षांनी तिनं पदर पसरला. खण ठेवला, नारळ ठेवला. कुंदन चार पावलांवर मोबाइल धरून फोटो काढत होता, निकिता त्याला लाइट कुठून येतो ते सांगत होती. मी तांदळाची पहिली ओंजळ भरली आणि वाकले, तशी सासू माझ्या कानाशी आली.

"तृप्ते, तू ते मोबाइलवर समदं वाचती ना," ती अगदी हळू बोलली. "दुसरी बसवतानी पयली काढून टाकतात का गं?"

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. तिथं जे होतं ते मला शिकवायची गरज नव्हती, वर्षभर मी तेच घेऊन फिरत होते. माझ्या नवऱ्याच्या आईला माझा हेवा वाटत होता. ती नसेल, मी असेन, आणि तिची जागा माझी होईल. एक 'हो' म्हटलं असतं तर माझं वर्ष वसूल झालं असतं. तिनं कुणाला विचारून खात्री करून घेतली नसती. माझ्या ओंजळीत तांदूळ होते, तिचा पदर पसरलेला होता, आणि कुंदन तिकडून म्हणत होता, "तृप्ती, इकडं बघ जरा."

मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"नाही काढत," मी तिला म्हटलं. "ती तिथंच असते. दुसरी डाव्या बाजूला बसवतात."

"आन ही?"

"ही उजवीकडेच. कायमची. काही त्रास दिला तरच काढतात."

"मी कशाला देऊ त्रास?" माझी सासू म्हणाली, आणि तिला ते अगदी मनापासून वाटत होतं.